कपाटावरचे चार आकडे

(शिवणकामाच्या दुकानाची मागची खोली. दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, भिंतीशी लोखंडी कपाट. कपाटासमोर एक खुर्ची, खुर्चीवर एक जाड पुस्तक. दुपार.)

ताई : अकरा तास?

मास्तर : अकरा तास, सहा मिनिटं, चाळीस सेकंद.

ताई : चाळीस सेकंदांची सूट दिली तुला. पुढं बोल.

मास्तर : सूट नको, हिशेब नीट होऊ दे. चार चाकं, प्रत्येकावर शून्य ते नऊ. म्हणजे दहा हजार वेगवेगळे आकडे होतात. एक आकडा लावायचा, मूठ ओढून बघायची, नाही उघडलं की पुढचा. एकाला चार सेकंद धरले.

ताई : आणि नवरी मुलगी पाचला येणार. आत्ता वाजलेत बारा.

मास्तर : बारा वाजून गेलेत.

ताई : माझे तर सकाळीच वाजलेत.

मास्तर : पण ताई, अकरा तास म्हणजे नशीब अगदीच फुटकं असेल तर. सरासरी धरली तर निम्म्या वाटेत सापडायला हवा. साडेपाच तास.

ताई : म्हणजे झालीच संध्याकाळ. सहाला तिचं लग्न लागायचं आहे. काय घालून उभी राहील ती? तुझा हिशेबाचा कागद गुंडाळून?

मास्तर : शेवटचं चाक तसं पटपट फिरतं. त्यामुळं चारऐवजी दोन सेकंद धरायलाही हरकत नाही. पण मग अंगठा दुखणार. विश्रांती धरावी लागेल.

ताई : चहा धरलास का?

मास्तर : नाही धरला.

ताई : मग चुकलंच गणित. तुझ्या चहाशिवाय दहा हजार व्हायचे कसे? जन्मभर पोरांना शिकवलंस, टाकी किती तासांत भरेल म्हणून. त्या टाकीला खाली भोक असायचं. ते कधी कुणी बुजवलं का रे?

मास्तर : गणितात भोक बुजवायचं नसतं. धरायचं असतं.

ताई : तरीच.

मास्तर : कुलूपवाल्याला पुन्हा एकदा फोन करून बघू का?

ताई : काय सांगणार आहे तो निराळं? म्हणाला, कुलूप दाराच्या आत बसवलेलं आहे, दार कापावं लागेल. कापायची मशीन लावली की ठिणग्या उडणार. आत काय टांगलंय? पांढरं रेशीम, त्यावर जाळी, आत अस्तर. एक ठिणगी पुरे आहे. दार उघडेल झकास, आणि आत राखेचा पोशाख.

मास्तर : मी तरी म्हणत होतो की पोशाख बाहेरच टांगून ठेवावा.

ताई : तू कधी म्हणत होतास?

मास्तर : मनात.

ताई : मनातलं मला ऐकू येत नाही. आणि आलं असतं तरी ऐकलं नसतं. लग्नाचा कपडा शिवून झाला की कपाटात जातो, आणि बाहेर निघतो तो जिचा आहे तिच्यासमोर. मधे दुसऱ्या कुणाचा हात नाही लागायचा, नजर नाही लागायची. दुकान उघडलं त्या दिवसापासूनचा नेम आहे माझा.

मास्तर : नेम चांगलाच आहे. फक्त आकडा तेवढा लक्षात ठेवायला हवा होता.

ताई : बोललास? मला वाटलंच, अजून कसा बोलला नाही.

मास्तर : चुकलो.

ताई : नाही रे. खरंच बोललास. सकाळी आले, पर्स टेबलावर टाकली, तोंडात टाचण्या, आणि नेहमीसारखा कपाटाला हात घातला. नाही उघडलं. म्हटलं, घाईत चुकलं असेल. पुन्हा फिरवलं. नाही. टाचण्या काढून ठेवल्या, चष्मा लावला, तरी नाही. मग काय फिरवत होते माझं मलाच कळेना. गरगर फिरवत सुटले. मास्तर, मला घाम फुटला.

मास्तर : एखाद्या वेळी होतं असं.

ताई : आपल्या आईचं असंच सुरू झालं होतं. एखाद्या वेळी. आधी दूध गॅसवर विसरायची, मग किल्ली कुठं ठेवली ते विसरायची. मग आपल्याला विसरायला लागली.

मास्तर : तुझं तसं नाही.

ताई : तुला काय माहीत?

मास्तर : माझी छत्री कुणी, कुठल्या पावसात उधार नेली ते तुला अजून पाठ आहे.

ताई : कारण ती परत आली नाही. तू उधार देतोस आणि मी पाठ ठेवते. पण हे कपाट मी रोज उघडते. रोज. आणि आज हात कोरा.

मास्तर : ताई, तू बस जरा. मी सुरू करतो. एकाला दोनच सेकंद धरू. अंगठा दुखला तर दुखला. आधी चाकं परत शून्यावर आणतो, मग ओळीनं जाऊ.

ताई : जा ओळीनं.

मास्तर : हं. शून्य, शून्य, शून्य, शून्य.

ताई : परत म्हणजे?

मास्तर : काय?

ताई : आत्ता म्हणालास, परत शून्यावर आणतो. परत म्हणजे काय? आधी कधी होती शून्यावर?

मास्तर : काल होती. संध्याकाळी.

ताई : मी कधी शून्यावर ठेवत नाही.

मास्तर : तू नाही. मी ठेवली. तू पुढं गिऱ्हाइकाचं माप घेत होतीस, तेव्हा.

ताई : का?

मास्तर : नीटनेटकं दिसतं.

ताई : मास्तर.

मास्तर : म्हणजे तसं मी वाचलंही होतं. लोक कुलूप लावतात आणि चाकं थोडीशीच हलवतात. मग चोराला अंदाज येतो. शून्यावर ठेवली की काहीच कळत नाही.

ताई : चोराला कळत नाही.

मास्तर : हो.

ताई : उंटावरून उतर आता शहाण्या. चोराला कळू नये म्हणून मालकिणीला बाहेर ठेवलंस? माझ्या दुकानात चोर येणार तो काय न्यायला? काजं करायची सुई?

मास्तर : पण तुझा आकडा मी बदललेला नाही ताई. कुलूप लागल्यावर चाकं कुठंही फिरवा, उघडायचा आकडा तोच राहतो. त्यामुळं तू विसरण्याशी याचा काही संबंध…

ताई : थांब. थांब जरा. बोलू नकोस.

मास्तर : रागावलीस?

ताई : म्हणजे मी विसरले नाही.

मास्तर : कळलं नाही.

ताई : अरे, हात विसरला नव्हता माझा. हातानं बरोबरच केलं. तूच पाट सरकवलास खालून. अगं बाई. सकाळपासून मी आईची आठवण काढत बसले, आणि हे सगळं तुझं नीटनेटकेपण होय?

मास्तर : तू हसतेस की रडतेस?

ताई : ते मला ठरवू दे. तू फिरव. शिक्षा म्हणून फिरव. कान इकडं, बोटं तिकडं.

मास्तर : शून्य, शून्य, शून्य, एक. नाही. शून्य, शून्य, शून्य, दोन. नाही.

ताई : आता ऐक. मला आकडा कधीच पाठ नव्हता. कपाट घेतलं तेव्हा दुकानदारानं सांगितला होता, तो दोन दिवस डोक्यात राहिला. मला आकडे चिकटत नाहीत, तुला माहीत आहे. पण हाताचं तसं नाही. हाताला एकदा दाखवलं की झालं. मी लावताना काय करते, चाकं ठरावीक तेवढीच उलटी फिरवते. उघडताना तेवढीच सुलटी. पहिलं दोन वर. दुसरं चार खाली. तिसऱ्याला हात नाही लावायचा. शेवटचं तीन वर. टक टक, टक टक टक टक, टक टक टक. टाके मोजल्यासारखं. बघावं लागत नाही, अंधारातसुद्धा उघडेल.

मास्तर : म्हणजे प्रत्येक वेळी तू लावलंस की चाकं एकाच ठिकाणी थांबतात.

ताई : थांबायची. काल संध्याकाळपर्यंत. मग एक विद्वान आला आणि त्यानं सगळी शून्यावर नेली. मी आपली शून्यापासून दोन वर आणि चार खाली करत बसले. कसं उघडेल? झाले किती?

मास्तर : सत्तावीस.

ताई : राहिले?

मास्तर : नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर.

ताई : बाकी वजाबाकी छान येते हो तुला.

मास्तर : ताई, म्हणजे चाकं आधी जिथं थांबायची तो आकडा जर कळला…

ताई : तर चिमूटभर वेळात उघडते मी. तिथून पुढं हात माझा. पण तो कळणार कुठून? मी बघत नाही, आणि दुसऱ्या कुणाला काय पडलंय कपाटाच्या कुलपाकडं बघायचं? शिवून घ्यायला येणाऱ्या बायका आरशाकडं बघतात. थांबलास का? फिरव की.

मास्तर : कुणीतरी बघितला असेल तर?

ताई : कोण? या खोलीत मी असते, आणि तू. आणि तुझं नाक पुस्तकात. त्या खुर्चीत येऊन बसलास की खोलीला आग लागली तरी पान संपल्याशिवाय उठायचा नाहीस.

मास्तर : हं.

ताई : हं काय? फिरव.

मास्तर : पाच, पाच, सहा, एक.

ताई : एवढ्यात पाच हजारांवर कसा गेलास? ओळीनं जाणार होतास ना?

मास्तर : चाकं पाच, पाच, सहा, एकवर असायची.

ताई : असायची म्हणजे? बघितलीस कधी?

मास्तर : काल पुसायच्या आधी.

ताई : पुसायच्या?

मास्तर : म्हणजे शून्यावर न्यायच्या आधी. माझ्या तोंडून तसं आलं. गणित सुटलं की फळा पुसायचा, ही सवय आहे ना. चोराचं मी मघाशी उगाच सांगितलं. वाचलं होतं ते खरं, पण त्यासाठी नव्हतं केलं.

ताई : माझ्या कपाटावर कुठलं गणित सोडवत होतास तू?

मास्तर : भाग जातो का ते बघत होतो.

ताई : कशाला?

मास्तर : पाच हजार पाचशे एकसष्टला. बसल्या बसल्या तो आकडा समोर दिसायचा. आधी दोननं बघितलं. नाही जात. मग तीननं. मग पाचनं, सातनं. कशानंच जाईना. म्हटलं, मूळ संख्या दिसते. मूळ संख्या म्हणजे जिला दुसऱ्या कुठल्याच संख्येनं भाग जात नाही.

ताई : शिकवलं होतंस मला एकदा. विसरले.

मास्तर : पण खात्री करायची तर पुढं पुढं बघत जावं लागतं. अकरा, तेरा, सतरा. तोंडी करायचं, कागद न घेता.

ताई : तुला काय रे, पाव तासाचं काम असेल.

मास्तर : एका बैठकीत केलं तर तेवढंच. मी रोज एकच बघायचो.

ताई : रोज एकच?

मास्तर : एका दुपारी एकच. दोन केले असते तर लवकर संपलं असतं.

ताई : आणि संपलं असतं तर?

मास्तर : मग काही राहिलं नसतं दुपारी.

ताई : आणि हे पुस्तक?

मास्तर : पुस्तक आहे की. चांगलं आहे.

ताई : कसलं आहे?

मास्तर : तसं सांगता येणार नाही पटकन. विस्तृत आहे.

ताई : मास्तर, त्यातली खुणेची साटिनची फीत मीच दिली होती तुला, कापडाच्या तुकड्यातली. निळी. तू गेल्यावर संध्याकाळी झाडते मी इथं, खुर्ची पुसते, पुस्तक उचलून ठेवते. फीत कुठल्या पानात आहे ते दिसतं मला.

मास्तर : कधीपासून दिसतं?

ताई : तू यायला लागलास तेव्हापासून. बायको गेल्यावर घर खायला उठतं म्हणालास, म्हणून खुर्ची टाकली मी इथं. तेव्हा फीत जिथं होती तिथंच आहे अजून. हललेली नाही.

मास्तर : मग बोलली का नाहीस?

ताई : काय बोलायचं? वाच म्हणून? आपल्याला लहानपणी सगळे म्हणायचे, पोरानं पुस्तक ठेवलं खाली की समजावं ताप आलाय. तू पुस्तक हातात तरी धरत होतास. म्हटलं, धरतोय तेवढं पुरे.

मास्तर : मला वाचता येत नाही ताई. म्हणजे ओळ दिसते. ओळ संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते जातं. पूर्वी मी काही चांगलं वाचलं की तिला हाक मारून ऐकवायचो. ती स्वयंपाकघरातून हं हं करायची. ऐकत नसायची, मला माहीत होतं. पण हं करायची. आता वाचून ठेवायचं कुठं, असं होतं.

ताई : हं.

मास्तर : तू चिडवत नाहीस?

ताई : नंतर चिडवीन. आज गिऱ्हाईक आहे. काय म्हणालास, पाच, पाच?

मास्तर : पाच, पाच, सहा, एक. माझी खात्री आहे. म्हणजे, असायला हवी. तीन आठवडे तोच बघतोय. पण चुकलो असलो तर आधीच सांगतो, काही भरवसा नाही माझा.

ताई : चुकलास तर राहिलेत ना नऊ हजार नऊशे. लाव.

मास्तर : तू लाव. आकडे मी सांगतो.

ताई : आकडे तुझे, तूच लाव, मी चष्म्यातून बघते. हळू. पाच. पाच. सहा. आणि एक. सरक आता बाजूला. चष्मा धर माझा, असला की हात लाजतो.

मास्तर : बघू नको का मी?

ताई : खुशाल बघ. पहिलं दोन वर. दुसरं चार खाली. तिसरं तसंच. शेवटचं तीन वर.

मास्तर : मूठ ओढ.

ताई : ओढते रे. श्वास घेऊ दे. तूही घे.

मास्तर : घेतला.

ताई : हा बघ आवाज. ऐकलास?

मास्तर : उघडलं.

ताई : उघडलं. हा बघ, आहे जागच्या जागी. बघ म्हटलं तरी तू बघू नकोस. तुझी नजर नाही लागायची त्याला.

मास्तर : मी खिडकीकडं बघतोय.

ताई : हातशिलाई ठीक. बटणं ठीक. गळ्याच्या कडेला एक दोरा राहिलाय, कात्री दे. ती नाही, छोटी. हं. चार दिवस आणि डोळ्यांचं पाणी आहे यात. नाहीतर मुलगी यायची आणि मी काय सांगणार होते तिला? बाई गं, माझ्या भावानं फळा पुसला?

मास्तर : मी सांगितलं असतं तिला. समजावून.

ताई : अकरा तास, सहा मिनिटं, चाळीस सेकंद. लग्न पुढं ढकल.

मास्तर : चिडवायला लागलीस. बरं वाटलं.

ताई : आणि एक सांग. शेवटी निघाली का रे ती? मूळ?

मास्तर : नाही. काल सदुसष्टनं गेला भाग. मला वाटलंच नव्हतं. सदुसष्ट गुणिले त्र्याऐंशी. बरोबर पाच हजार पाचशे एकसष्ट. मी दोनदा करून बघितलं.

ताई : मग आनंद झाला असेल.

मास्तर : क्षणभर झाला. मग वाटलं, संपलं. म्हणून पुसला.

ताई : बरं. झालं माझं. दार लावते.

मास्तर : पुन्हा लावतेस?

ताई : नवरी पाचला येणार. तोवर नेम तो नेम.

मास्तर : ताई, उघडं राहू दे ना आज. माझं काळीज नाही पुरायचं. हवं तर मी पाठ करून बसतो.

ताई : लावलंसुद्धा. ये इकडं. बस तुझ्या खुर्चीत. चाकं दिसतात का तिथून?

मास्तर : सात, तीन, आठ, चार. ताई, ही तुझी नेहमीची जागा नव्हे. तू कशी फिरवलीस?

ताई : मधली दोन, दोन-दोन वर. पाच पाच सहा एकचा तुझा निकाल लागला ना? आता हा घे. भाग जातो का बघ.

मास्तर : पण तुझा हात? त्याला जुनंच पाठ आहे.

ताई : हात शिकेल. शिवणारणीचा हात आहे, रोज नवं माप घेतो. तू बघ आधी.

मास्तर : शेवटी चार आहे. दोननं जाणार, बघायलाच नको.

ताई : इतकं सोपं नको. शेवटचं एक वर केलं. आता?

मास्तर : पाच झाला. पाचनं जाणार.

ताई : भारी चोखंदळ गिऱ्हाईक आहेस. अजून दोन वर. घे. आता?

मास्तर : सात, तीन, आठ, सात. दोननं नाही. पाचनं नाही.

ताई : म्हणजे मला उघडताना मधली दोन, दोन-दोन खाली. शेवटचं तीन खाली. सोपं आहे. तुला उघडायचा आकडा कळला असेल एव्हाना. मोजलास ना मनात?

मास्तर : नाही मोजला.

ताई : मास्तर.

मास्तर : थोडा मोजला.

ताई : ठेव तुझ्यापाशी. माझ्याजवळ हात आहे, तुझ्याजवळ आकडा असू दे. कधी मी खरंच विसरले तर कामाला येईल. आणि पुन्हा फळा पुसलास तर बघ.

मास्तर : नाही पुसणार. आकड्यांची बेरीज पंचवीस. म्हणजे तीननं जात नाही. आता सातनं बघितलं तर…

ताई : थांब. तीन झाला ना?

मास्तर : झाला.

ताई : मग चहा टाकते. सात उद्या.